डायरीत ‘त्रास देतो’ लिहून भागत नाही

ह्या वेळचा पत्रांचा गठ्ठा जरा वेगळा आहे. एरवी ह्या सदराला आईवडील लिहितात, आमच्यानंतर ह्याचं कोण करणार वगैरे. ह्यावेळी मात्र बरीचशी पत्रं काम करणाऱ्यांची आहेत, डॉक्टर आहेत, वर्गात एकाच मुलाबरोबर बसणारी शॅडो टीचर आहे, वर्कशॉपमधले इन्स्ट्रक्टर आहेत, एका सोसायटीचे सेक्रेटरीपण आहेत. आणि तक्रार सगळ्यांची सारखीच, की बौद्धिक दिव्यांग माणूस समोर आला की काय करायचं हे आम्हाला कोणी शिकवलंच नाही. खरंय. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ४७वं कलम आहे, त्यात डॉक्टर, नर्स, शिक्षक, आशा, अंगणवाडी सेविका, पोलीस, न्यायाधीश, अगदी इंजिनियर आणि आर्किटेक्टसुद्धा, सगळ्यांच्या शिक्षणात दिव्यांगत्वाचा विषय यायला हवा असं स्वच्छ लिहिलंय. आता तुमच्या ओळखीतल्या कुठल्याही डॉक्टरला विचारा, कॉलेजात ह्याच्यावर किती तास झाले ते. असो, पत्रं घेऊया.

प्रश्न : ताई, मी कळव्याला राहते, यंदा सायकॉलॉजी घेऊन बी.ए. झालं. मला स्पेशल एज्युकेटर व्हायचंय. इन्स्टावर एक ऑनलाइन कोर्स सारखा दिसतो, ४५ दिवसांत सर्टिफाइड स्पेशल एज्युकेटर, फी अठरा हजार, इंटरनॅशनल सर्टिफिकेट. आई म्हणते साधं बी.एड. कर, नोकरी तरी लागेल. काय करू?

उत्तर : अठरा हजार वाचव आधी. आपल्याकडे ह्या कामासाठी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे आरसीआय, १९९२च्या कायद्याने झालेली संस्था आहे आणि तिच्या मान्यतेचा कोर्स करून तिच्या सेंट्रल रजिस्टरमध्ये नाव लागल्याशिवाय तुला स्पेशल एज्युकेटर म्हणून काम करता येत नाही. केलंस तर कायद्याने एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा एक हजाराचा आकडा नव्वदच्या दशकातला आहे आणि आता तो वाचून कोणी घाबरत नाही, म्हणूनच असल्या जाहिराती बिनधास्त चालतात. ‘इंटरनॅशनल’ शब्दाला भुलू नकोस, रजिस्टरमध्ये नंबर मिळणार का एवढंच त्यांना मेसेज करून विचार, पुढचं उत्तर गोलगोल आलं की समज.

खरे रस्ते दोन. बारावीनंतरचा दोन वर्षांचा डी.एड. स्पेशल एज्युकेशन, त्यात बौद्धिक आणि विकासात्मक दिव्यांगत्व असा वेगळा विभाग असतो, किंवा तू ग्रॅज्युएट आहेस तर दोन वर्षांचं बी.एड. स्पेशल, त्याला आपल्या राज्याची सीईटी द्यावी लागते. हे केलंस की आईचं बी.एड. पण झालं आणि तुझं पण, घरातलं भांडण मिटलं. चौकशीला लांब जायला नको, एनआयईपीआयडी म्हणून ह्याच विषयाची केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था आहे, १९८४ साली सिकंदराबादला निघाली, तिचं प्रादेशिक केंद्र खारघरला आहे. जुहूला एसएनडीटी विद्यापीठाचा स्पेशल एज्युकेशनचा विभाग आहे. एक लक्षात ठेव, आरसीआयची मान्यता संस्थेला कायमची मिळत नाही, ठरावीक कोर्सला ठरावीक मुदतीची मिळते. त्यामुळे ‘आमच्याकडे दहा वर्षं कोर्स चालतो’ ह्याला अर्थ नाही. ज्या वर्षी अॅडमिशन घेणार त्या वर्षीच्या यादीत त्या कॉलेजचं नाव आरसीआयच्या वेबसाइटवर स्वतः बघ. कोर्सेसचे नियमही मध्येमध्ये बदलतात, मैत्रिणीने तीन वर्षांपूर्वी काय केलं त्याच्यावर जाऊ नकोस.

आणि कॉलेज बघायला जाशील तेव्हा बिल्डिंग नको बघूस, प्रॅक्टिकल कुठे होतं ते विचार. शाळेत किती आठवडे बसवतात, तू शिकवत असताना मागे कोण उभं असतं, आणि नंतर ती व्यक्ती तुझ्याशी बोलते का की नुसती जर्नलवर सही करते. ह्या फील्डमध्ये थिअरी सहा महिन्यांत पाठ होते पण समोरचा मुलगा खुर्चीतून उठला तर त्याला धरायचं की सोडायचं हे कोणीतरी शेजारी उभं राहून सांगितल्याशिवाय येत नाही. वर्षभर आत्ताच कुठल्यातरी विशेष शाळेत व्हॉलंटियर म्हणून जा. तिथे डबा खाताना मुलांबरोबर बसलीस आणि लाळ, सांडलवंड, मोठमोठ्याने हसणं ह्याने तुझी भूक गेली नाही तर फॉर्म भर.

प्रश्न : मॅडम, मी ऐरोलीत जनरल प्रॅक्टिस करतो. एक २६ वर्षांचा डाउन सिंड्रोमचा पेशंट आहे, लहानपणापासून येतो, एकदम शांत मुलगा. गेले दोन महिने तो स्वतःच्या गालावर, कानाजवळ थापडा मारतो, जेवण कमी केलंय, रात्री उठून बसतो. घरचे म्हणतात बिहेवियर बिघडलंय, शांत राहायचं औषध द्या. मला तपासू पण देत नाही. स्टाफ घाबरतो. आम्हाला ह्याचं काही ट्रेनिंग मिळू शकतं का?

उत्तर : डॉक्टर, शांत राहायचं औषध लिहून दिलं नाहीत आणि आधी विचारलंत, ह्याबद्दल थँक्यू म्हणते. कारण नेहमी होतं काय, फाइलवर डाउन सिंड्रोम किंवा मतिमंद असं लिहिलेलं असतं आणि मग पुढचं प्रत्येक लक्षण त्याच खात्यात जमा होतं. ओरडतो? त्याचं तसंच असतं. जेवत नाही? हट्टी आहे. ह्याला डायग्नोस्टिक ओव्हरशॅडोइंग म्हणतात, जुन्या लेबलाच्या आड नवीन आजार लपतो. ज्याला ‘माझी दाढ दुखते’ म्हणता येत नाही तो दाढेवर मारतो, ह्यात बिहेवियर कुठे बिघडलंय, उलट इतक्या नेमकेपणाने तर बोलता येणारे पेशंटही जागा दाखवत नाहीत.

तेव्हा कान आणि दात आधी. तुम्हाला माहीतच असेल, डाउनमध्ये कानाची नळी अरुंद असते, मळ साठतो, इन्फेक्शन होतं. दात नीट घासले जात नाहीत, हिरड्या खराब असतात. मग थायरॉइड, ते ह्यांच्यात खूप कॉमन आहे. रात्री उठून बसतो म्हणताय तर घोरतो का, झोपेत श्वास अडकतो का विचारा. जेवल्यावर जास्त मारतो का, मग अॅसिडिटी वर येतेय का बघा. आणि संडास. बद्धकोष्ठता हा ह्या लोकांमध्ये इतका दुर्लक्षित विषय आहे, आणि तो साधा नाही, वेळेत बघितलं नाही तर आतडं अडून जीवावर बेतू शकतं. मुलगी असती तर म्हटलं असतं की कॅलेंडर आणा आणि मारायच्या दिवसांपुढे पाळीच्या तारखा लिहा. एकूण बौद्धिक दिव्यांग लोकांमध्ये साधारण पाचातल्या एकाला फिट्सचा आजार असतो, तोही डोक्यात ठेवा. हे सगळं निगेटिव्ह आलं तर घरात काय बदललं विचारा, बहिणीचं लग्न झालं का, वर्कशॉप बंद झालं का, आजी गेली का. माणूस गेलेलं ह्यांना बरेचदा कोणी सांगतच नाही, गावाला गेली म्हणतात. आणि सगळ्यात शेवटी सायकियाट्री.

इंग्लंडमध्ये ऑलिव्हर मॅकगोवन नावाच्या मुलाची केस झाली. २०१६ साली, ब्रिस्टलला. वय अठरा, ऑटिझम, सौम्य बौद्धिक अडचण, फिट्स. त्याने स्वतः आणि त्याच्या आईवडिलांनी सांगून ठेवलं होतं की अँटीसायकोटिक, म्हणजे सायकियाट्रीतली, औषधं त्याला सोसत नाहीत. तरी हॉस्पिटलमध्ये अस्वस्थ झाला म्हणून त्यातलंच ओलॅन्झापिन दिलं, त्याची जीवघेणी रिअॅक्शन आली आणि पोरगं गेलं. त्याची आई मागे लागली, आणि २०२२च्या कायद्यानंतर तिथल्या नोंदणीकृत आरोग्य आणि केअर सेवांना आपल्या स्टाफला ह्या विषयाचं ट्रेनिंग देणं सक्तीचं झालं, त्या ट्रेनिंगला त्याचंच नाव आहे. त्यातली मला आवडणारी गोष्ट अशी की शिकवणाऱ्यांमध्ये स्वतः बौद्धिक दिव्यांग आणि ऑटिस्टिक माणसं असतात. तज्ज्ञ येऊन स्लाइड दाखवून गेला असं नाही चालत.

आपल्याकडे क्लिनिकच्या स्टाफसाठी असं काही बंधनकारक नाही, पण तुमच्या क्लिनिकपुरतं तुम्ही एका दुपारी करू शकता. ह्याच मुलाला आणि त्याच्या आईला एरवी पेशंट नसतात तेव्हा बोलवा, इंजेक्शन नाही, तपासणी नाही. कंपाउंडर, रिसेप्शनवरची मुलगी सगळे असू देत. पहिलं, दारातून आत आला की आईशी नाही, त्याच्याशी बोला, नावाने. एक वाक्य, छोटं. ‘बस इथे.’ आणि मग गप्प राहा. मनातल्या मनात दहा अंक मोजा. आपल्याला सवय असते दोन सेकंदांत उत्तर नाही आलं की तेच वाक्य जोरात बोलायचं, मग आणखी जोरात, आणि त्याच्या डोक्यात पहिलं वाक्य अजून उतरतच असतं, तर प्रत्येक वेळी तो परत पहिल्यापासून सुरू करतो. स्टेथो त्याच्या हातात द्या, आधी तो तुमच्या छातीला लावू दे. कानात बघायचा टॉर्च आधी आईच्या कानात, मग तुमच्या कंपाउंडरच्या, मग त्याला विचारा कुठला कान आधी. हा चॉइस खरा असला पाहिजे हां, ‘तपासू का’ असं विचारून तो नाही म्हटल्यावर तरी तपासलंत तर पुढच्या वेळी क्लिनिकच्या जिन्यातच बसेल. दुसरं, अपॉइंटमेंट दिवसातली पहिली, म्हणजे वेटिंगच्या गर्दीत बसावं लागत नाही. तिसरं, आईकडून एक कागद लिहून घ्या, दुखलं की तो काय करतो, कशाला घाबरतो, हो कसं म्हणतो, नाही कसं म्हणतो, कुठलं औषध चालत नाही. तो कागद फाइलच्या सगळ्यात वर. उद्या रात्री त्याला दुसऱ्या हॉस्पिटलला न्यावं लागलं तर तो कागदच त्याच्या वतीने बोलेल.

आणि तो २६ वर्षांचा आहे हे विसरू नका. अठरानंतर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, त्यासाठी १९९९च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करावा लागतो. त्या घरात हे झालं नसेल तर ते सुचवा, पण पालकत्वाचा कागद असला तरी काय करणार आहात ते त्याला सांगायचंच.

प्रश्न : मी घोडबंदर रोडच्या एका शाळेत तिसरीतल्या मुलाची शॅडो टीचर आहे. पगार पालक देतात, शाळा नाही. माझं ट्रेनिंग काही नाही, बी.कॉम. झालंय. मुलाला सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व आहे. तसा गोड आहे पण मराठीच्या तासाला बेंचखाली जाऊन बसतो, मनगट चावतो. मग मी त्याला कॉरिडॉरमध्ये फिरवून आणते, शांत होतो. दुसऱ्या दिवशी परत तेच. क्लास टीचर रोज डायरीत ‘खूप त्रास देतो’ लिहितात आणि पालक मला विचारतात की तू काय करतेस मग. मी काय करू?

उत्तर : अगं, उत्तर तुझ्याच पत्रात आहे, फक्त तू ते तीन रकान्यांत लिहिलेलं नाहीस. एक वही घे. पहिल्या रकान्यात आधी काय घडलं, दुसऱ्यात त्याने काय केलं, तिसऱ्यात लगेच नंतर काय झालं. डायरीतलं ‘त्रास देतो’ हे नुसतं दुसऱ्या रकान्याचं, ते पण धड नाही, कारण त्रास कोणाला आणि कसला तेच कळत नाही. तू लिही ‘१०.४० मराठी, बाईंनी श्रुतलेखन सुरू केलं, तिसऱ्या शब्दाला बेंचखाली, डावं मनगट चावलं, मी कॉरिडॉरमध्ये नेलं, पाच मिनिटांत शांत’. असं आठवडाभर लिहिलंस तर तुला दिसेल की तो मराठीच्या तासाला जात नाही बेंचखाली, श्रुतलेखनालाच जातो, गोष्ट वाचताना नाही जात. आणि तिसरा रकाना बघ, दर वेळी कॉरिडॉर. म्हणजे तो काय शिकला? की लिहायला जमत नाही तेव्हा मनगट चावलं की ताई बाहेर नेते. पोरगं हुशार आहे की. त्याच्याकडे ‘मला हे जमत नाही’ सांगायचा दुसरा मार्ग नाही, एवढंच.

तर तो मार्ग दे. पुठ्ठ्याचं एक कार्ड कर, त्याच्यावर दाराचं चित्र. श्रुतलेखन सुरू व्हायच्या आधी, मनगट तोंडात जायच्या आधी, त्याचा हात धरून ते कार्ड तुझ्या हातात द्यायला लाव आणि लगेच बाहेर ने, दोन मिनिटं. पहिले काही दिवस हे असंच, प्रत्येक वेळी. त्याने स्वतःहून कार्ड दिलं की कधीही नाही म्हणायचं नाही. बाहेर जाणं बंद नाही करायचं, चावून जाण्याच्या ऐवजी मागून जाणं करायचं. पक्कं झालं की मग ‘एक शब्द लिही, मग जाऊ’, मग दोन. आणि क्लास टीचरशी बोलून त्याचं श्रुतलेखन वेगळं कर, सगळ्यांना दहा जोडाक्षरं असतील तर ह्याला कमळ, घर, बस. ते लिहिता आले तर बाईंनी त्याच्याही वहीवर लाल पेनाने बरोबरची खूण करायची, तू नाही, बाईंनी. हे महत्त्वाचं आहे. तुझ्यासारख्या मुली वर्गात आल्या की बाई त्या मुलाकडे बघायचंच सोडतात, त्याची वही पण तपासत नाहीत, तो ‘तुझा’ होऊन जातो. तो त्यांच्या वर्गातला मुलगा आहे.

आता तुझं बसणं. त्याच्या शेजारी चिकटून बसू नकोस, थोडी मागे बस. मदत जास्तीत जास्तवरून कमी करत आणायची असते. दप्तराची चेन घे. आधी तुझा हात त्याच्या हातावर, मग मनगटाला, मग कोपराला नुसतं बोट, मग लांबून खूण, मग नुसतं थांबायचं. आणि सुरुवात शेवटाकडून कर, म्हणजे चेन तू जवळजवळ पूर्ण लावायची, शेवटची दोन बोटं त्याने ओढायची आणि ‘लागली’ म्हणायचं, मग पुढच्या आठवड्यात अर्धी त्याने. असं केल्याने प्रत्येक वेळी काम त्याच्या हातून पूर्ण होतं, सुरुवातीपासून शिकवलं की दर वेळी मधेच अडकतं आणि शेवट तू करतेस. वर्षअखेरीला तू मागच्या बाकावर बसून कंटाळलीस तर तुझं काम झालं समज, पालकांना हे आधीच सांगून ठेव नाहीतर त्यांना वाटेल बाई नुसती बसून पगार घेते.

राहिला ट्रेनिंगचा भाग. खरं म्हणजे तू एकटीने हे करायचंच नाहीये. शाळेत क्वालिफाइड स्पेशल एज्युकेटर असायला हवा, त्याने प्लॅन बनवायचा, तू राबवायचा. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात साध्या शाळांमध्ये दिव्यांग मुलांसाठी प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना पंधरामागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलंय. पालकांनी शाळेला लेखी विचारावं की आमच्या मुलाचा आयईपी, म्हणजे त्याच्यापुरता शिकवण्याचा प्लॅन, कोणी बनवलाय, दाखवा. बऱ्याच शाळांकडे तो कागद नसतो, विचारल्यावर बनतो, बनू दे.

प्रश्न : आमच्या मानपाड्याच्या सोसायटीत एक वीसबावीस वर्षांचा मतिमंद मुलगा आहे. संध्याकाळी खाली फिरतो, लोकांच्या गाड्यांचे आरसे हलवतो. नवीन वॉचमन त्याच्यावर ओरडतो, एकदा दंडाला धरून ओढला. घरच्यांनी तक्रार केली. वॉचमनला ट्रेनिंग कोण देणार? — सेक्रेटरी

उत्तर : त्या मुलाची आई देणार, अर्धा तास, केबिनमध्ये चहा घेऊन. त्याचं नाव काय, हाक मारल्यावर थांबतो का, कशाने बिथरतो, कोणाला फोन करायचा. हात लावायचा नाही हे तुम्ही सेक्रेटरी म्हणून सांगायचं, आईने नाही. आणि आरशांचं म्हणाल तर त्याला संध्याकाळी दुसरं काही काम नाही म्हणून तो आरसे हलवतो. पार्किंगमधल्या कुंड्यांना पाणी घालायला सांगून बघा ना, पाइप हातात द्या. वॉचमन बदलला की पुन्हा चहा.

प्रश्न : मुलगी २४ वर्षांची, बौद्धिक दिव्यांग, आयक्यू ४५. बायको दोन वर्षांपूर्वी गेली. नेरुळला आम्ही दोघंच. ब्युरोतून एक बाई ठेवली आहे, स्वभावाने चांगली आहे पण मुलीला बाळ म्हणते, भरवते, अंघोळ घालते, कपडे तिच्या पसंतीचे. मुलगी पूर्वी स्वतः जेवायची, आता तोंड उघडून बसते. बाईंना काय आणि कसं शिकवावं? काही गोष्टी वडील म्हणून बोलायला अवघड वाटतं.

उत्तर : समजू शकते. बाई वाईट नाहीत, त्यांना काम उरकायचं असतं आणि भरवलं की दहा मिनिटांत उरकतं. त्यांना सांगा की तुमचा पगार भरवण्याचा नाही, तिच्या हाताने ती जेवेल ह्याचा आहे, मग दीड तास लागला तरी चालेल, भाजी सांडली तरी चालेल. हे तुम्ही स्वतः स्पष्ट बोलल्याशिवाय त्यांना कळणार नाही, कारण सांडलेलं दिसलं तर मालक ओरडेल असंच त्यांना वाटत असतं. आयक्यू ४५ म्हणजे पाचसहा वर्षांची बुद्धी असं कोणीतरी त्यांना सांगितलं असेल, ते डोक्यातून काढून टाका. २०१३ पासून डीएसएम-५ ह्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकातसुद्धा तीव्रता आयक्यूच्या आकड्यावर नाही, रोजचं जगणं माणूस किती निभावतो ह्याच्यावर ठरवतात. ती २४ वर्षांची बाई आहे, जिला काही गोष्टींत मदत लागते. सकाळी दोन ड्रेस समोर धरायचे, ती जिकडे बघेल किंवा हात लावेल तो घालायचा. बाळ नाही म्हणायचं, नाव आहे तिला.

अवघड विषय एखाद्या बाई मैत्रिणीला, बहिणीला किंवा स्पेशल एज्युकेटरला सोबत बसवून एकदाच नीट बोलून घ्या. अंघोळीला दार लावायचं. अंगाला हात लावायच्या आधी ‘आता पाठ घासते’ असं सांगायचं आणि जिथे तिचा हात पोचतो तिथे तिने स्वतः घासायचं, साबण तिच्या हातात. पॅड कसं बदलायचं हे पाळी नसताना, पॅडवर लाल रंग टाकून, कोरड्यात शिकवायचं. ही नुसती स्वच्छतेची गोष्ट नाही हो. जिच्या अंगाला सतत कोणीही न विचारता हात लावतं तिला चुकीचा स्पर्श वेगळा ओळखूच येत नाही, आणि नाही म्हणायची सवय राहत नाही. ‘नको’ म्हटलं तर थांबायचं, मग ते केसांना तेल लावताना का असेना. आणि कधी काही विपरीत घडलंच तर घाबरून गप्प बसू नका, अशा मुलीचा जबाब स्पेशल एज्युकेटरच्या मदतीने आणि व्हिडिओ रेकॉर्डिंग करून घ्यायची तरतूद २०१३ पासून कायद्यात आहे, तिला सांगता येणार नाही म्हणून केस होत नाही असं पोलीस स्टेशनात कोणी म्हटलं तर ते चूक आहे.

बाईंनी रीतसर काही शिकायचं असेल तर आरसीआयचे केअर गिव्हिंगचे सर्टिफिकेट कोर्स असतात, आणि २०२१ला मेलबर्न युनिव्हर्सिटीबरोबर सुरू केलेला सहा महिन्यांचा सीबीआयडी कोर्सही आहे, वस्तीपातळीवर काम करणाऱ्यांसाठी. सध्या जवळ कुठे चालू आहेत ते खारघरच्या एनआयईपीआयडीला विचारा. वाशीला महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे तिथेही चौकशी करा. पण दोन आठवडे तरी तुम्ही स्वतः संध्याकाळच्या जेवणाला समोर बसा, नुसतं बसा.

प्रश्न : मी ठाण्यात बौद्धिक दिव्यांग तरुणांच्या वर्कशॉपमध्ये इन्स्ट्रक्टर आहे. एका २३ वर्षांच्या ट्रेनीला घणसोलीला पॅकिंगचं काम मिळतंय. हात चांगला चालतो. पण लोकलने एकट्याने जायला आईवडील तयार नाहीत, आणि मलाही हे कसं शिकवायचं ते कोणी शिकवलेलं नाही. वाचता येत नाही त्याला.

उत्तर : वाचता येत नाही हा इथे फारसा अडसर नाही, तुमचं नशीब चांगलं आहे. ठाण्याहून ट्रान्स हार्बरची गाडी वाशीची असो, नेरुळची असो की पनवेलची, घणसोलीला थांबतेच. म्हणजे इंडिकेटर वाचायची गरज नाही, त्या बाजूच्या प्लॅटफॉर्मवर पोचला की कुठलीही गाडी चालेल. परतताना मात्र प्लॅटफॉर्म पक्का करून घ्या, तिथे चुकला तर उलट दिशेला जाईल.

एक करू नका, स्टेशनं मोजून उतरायला शिकवू नका. खूप जण तेच शिकवतात, तिसरं स्टेशन आलं की उतर. जानेवारी २०२४ला ठाणे आणि ऐरोलीच्या मध्ये दिघा गाव स्टेशन सुरू झालं, आणि मोजून उतरणाऱ्यांचं सगळं गणित एकाने चुकायला लागलं. त्यापेक्षा खुणा द्या. रबाळे गेलं की दाराकडे सरकायचं, घणसोलीच्या स्टेशनात त्याच्या डोळ्याला काय पटकन दिसतं ते त्याच्याबरोबर जाऊन त्यालाच ठरवू दे, तुम्हाला जे दिसतं ते त्याला दिसेलच असं नाही. अनाउन्समेंट ओळखीची करून द्या, मोबाइलवर रेकॉर्ड करून वर्कशॉपमध्ये ऐकवा.

सुरुवातीला त्याच्या शेजारी बसा, मग समोरच्या बाकावर, मग त्याच डब्यात दुसऱ्या दाराशी, मग पुढच्या डब्यात, मग तुम्ही घणसोलीला उभे आणि तो एकटा येतोय. किती दिवस प्रत्येक टप्प्याला ते तोच ठरवणार, तुमचा अहवाल नाही. आणि मुद्दाम बिघडवा एकदा. तुम्ही डब्यात असताना त्याला कोपरखैरण्यापर्यंत जाऊ द्या, चुकलं हे कळू द्या, मग काय करायचं, उतरायचं, पुलावरून पलीकडे, परतीची गाडी, किंवा गळ्यातलं कार्ड स्टेशन मास्तरला दाखवायचं. आईवडील घाबरतात ते गाडी चुकण्याला, आणि ती कधीतरी चुकणारच आहे, तेव्हा चुकल्यावर काय करायचं ते त्याला येतं हे त्यांना डोळ्यांनी बघू दे, एक दिवस मुलाला न सांगता त्यांना डब्यात बसवा. मेगाब्लॉकच्या रविवारी प्रॅक्टिस ठेवू नका एवढं बघा.

पासाचं एक सांगते, कारण इथे बरेच अडकतात. बौद्धिक दिव्यांगांसाठीची रेल्वेची सवलत एस्कॉर्टशिवाय प्रवास करू न शकणाऱ्यांसाठी आहे, सोबत माणूस असतो तेव्हाची. तो एकटा जाणार असेल तर पूर्ण पैशाचा पास काढा, नाहीतर टीसीने सवलतीच्या पासावर एकटं पकडलं आणि आवाज चढवला की तो दुसऱ्या दिवशी स्टेशनात पाय ठेवणार नाही. आणि पास त्यालाच काढायला लावा, खिडकीवर, रांगेत उभं राहून, पैसे त्याच्या खिशात. वेळ लागेल, मागचे लोक कुरकुर करतील. करू देत.